नवी पेठेतलं आठ बाय दहाचं पुस्तकांचं दुकान आणि अण्णांची मागणीवही

अक्षरवेल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे सोलापूरकर बरेच आहेत म्हणून हा धागा काढतेय. एक काम पण आहे, ते शेवटी सांगते.

नवी पेठ आणि मधला मारुती यांच्या मधल्या एका बोळात, दोन साड्यांच्या दुकानांच्या फटीत, अण्णांचं पुस्तकांचं दुकान आहे. आठ बाय दहा. पाटीचा रंग कधीच उडालाय, त्यामुळे माहीत असलेला माणूसच तिथे पोचतो. आत एका वेळी तीन जण मावतात. चौथा आला की सगळ्यात आधी आलेल्यानं बाहेर पायरीवर यायचं, हे कुणी कुणाला सांगत नाही, पण सगळे पाळतात. बसायला जुन्या चादरींचा एक गठ्ठा आहे. फळ्यांच्या टोकाला पुस्तकं घसरू नयेत म्हणून अण्णांनी सुताचे रिकामे कोन वाळू भरून उभे केलेत. यंत्रमागावर सूत संपलं की पुठ्ठ्याचे उरतात ते कोन. अशी पुस्तकांची टेकणं मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिली नाहीत.

मी पहिल्यांदा गेले ती १९९९ साली, दहावीत, आईबरोबर, एकवीस अपेक्षित घ्यायला. अण्णांनी ते दिलं आणि वर एक जाडसर कादंबरी ठेवली. म्हणाले, "ही परीक्षा झाल्यावर वाच. पैसे वाचल्यावर दे." वाचल्यावर म्हणजे पुस्तक वाचल्यावर की पैसे वाचल्यावर, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. जूनमध्ये पैसे नेऊन दिले तेव्हा त्यांनी पैसे गल्ल्यात टाकले आणि पंधरा मिनिटं त्या कादंबरीतल्या सुनेबद्दल मला प्रश्न विचारले. माझं मत एखादं मोठं माणूस इतकं लक्ष देऊन ऐकतंय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आता मुद्द्याचं. अण्णांकडे एक मागणीवही असते. लाल कापडी बांधणीची, लांबट, व्यापारी लोक रोजमेळ लिहितात तशी. दुकानात नसलेलं पुस्तक तुम्ही मागितलं की ते वहीत चढतं. नाव, पेठ, पुस्तक, तारीख, आणि शेवटच्या रकान्यात 'घाई' किंवा 'घाई नाही'. पुस्तक मिळून माणसाच्या हातात पडलं की त्या ओळीवर तांबड्या शाईची आडवी रेघ. अशा सात वह्या झाल्यात. पहिली १९७८ची आहे.

अण्णा ७८ वर्षांचे आहेत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. पेन्सिलीनं लिहिलेल्या जुन्या ओळी त्यांना आता वाचता येत नाहीत. मागच्या आठवड्यात मला म्हणाले, "रेघ न मारलेल्या तेवढ्या कुणीतरी मोठ्या अक्षरात उतरवून द्या. माझ्यावर राहिलेत ते."

तर रविवारी सकाळी दोन-तीन तास देऊ शकेल असं कुणी आहे का?

पार्कचौक

ताई, मी येतो.

पाडव्याच्या आधीचं दुकान आठवलं. दाते पंचांग आपल्या गावचं, सोलापुरातनं अख्ख्या महाराष्ट्रात जातं, पण अण्णांच्या दुकानात त्याच्या शेजारी तेलुगू आणि कन्नड पंचांगं पण रचलेली असायची. अक्कलकोट बाजूचा शेतकरी कन्नड मागायचा, साखर पेठेतल्या बाई तेलुगू मागायच्या, आणि अण्णा तिघांशी तीन भाषांत बोलायचे. वर्षभर कथा-कविता जितक्या खपत नाहीत तेवढी पंचांगं त्या पंधरवड्यात खपायची. दुकानाचं भाडं त्याच्यावरच निघायचं.

आत शिरलं की "या की ओ, बसा" हे ठरलेलं. काय पाहिजे हे ते कधीच विचारायचे नाहीत.

कडबागंज

+१. रविवारी जमेल. अक्षर चांगलं आहे.

जुनाजाणता

मी ३० वर्षं पुण्यात. अप्पा बळवंत चौकात पाहिजे ते मिळतं, म्हणजे नाव माहीत असलेलं पाहिजे ते. अण्णांकडे नाव माहीत नसलेलं मिळायचं.

छोट्या दुकानाची एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. तिथे जागा नसते, म्हणून दुकानदाराला प्रत्येक पुस्तकाचा विचार करावा लागतो. एक नवीन फळीवर चढवायचं तर एक जुनं उतरवायचं. मोठ्या दुकानात वितरकाकडून खोकी येतात आणि कामगार ती लावून टाकतो. अण्णांच्या फळीवरचं एकेक पुस्तक त्यांनी हातात धरून, हे इथल्या कुणासाठी आहे, असं ठरवून ठेवलेलं असायचं. मी एकदा विचारलं होतं की हे शेतीच्या विहिरींवरचं पुस्तक इथे तीन वर्षं कशाला ठेवलंय. म्हणाले, मंगळवेढ्याचे एक मास्तर निवृत्त व्हायचेत, झाले की येतील. आले पण.

आणि जुनी पुस्तकं त्यांच्याकडे कशी यायची ते मी पाहिलंय. घरातलं वाचणारं माणूस गेलं की वर्षश्राद्धाच्या आत कपाट रिकामं होतं आणि सगळं रद्दीत किलोवर जातं. अण्णांनी बाळीवेस भागातल्या दोन-तीन रद्दीवाल्यांशी बोलून ठेवलं होतं. पुस्तकांचा गठ्ठा तराजूवर चढायच्या आधी त्यांना दाखवायचा, रद्दीच्या भावाच्या दुप्पट ते देणार. १९९१ की ९२ला असाच एक गठ्ठा माझ्यासमोर सुटला. त्यात जीवराज जैन ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ निघाला, तिलोयपण्णत्ती, १९४३चा, आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन यांनी संपादित केलेला. मूळ प्राकृत. प्रकाशन कुठलं, तर आपल्या सोलापूरचं, जैन संस्कृती संरक्षक संघाचं. आपण शाळेत असताना सोलापूर म्हणजे चादरी आणि टॉवेल एवढंच सांगायचो. जगभरचे प्राकृतचे अभ्यासक ज्या ग्रंथमालेचे दाखले देतात ती आपल्या गावातनं निघते, हे मला त्या दुकानात, रद्दीच्या गठ्ठ्यासमोर उकिडवं बसलेलं असताना कळलं.

विदावाला

चांगला उपक्रम. पण एक सुचवतो, राग मानू नका. सात वह्यांचे फोटो काढा, इथेच टाका, ज्याच्याकडे पुस्तक असेल तो सांगेल. वहीतनं वहीत उतरवण्यात काय अर्थ? शिवाय दुकानाची यादी ऑनलाइन टाकली तर अण्णांचा माल बाहेरगावी पण जाईल. लोक आज मोबाइलवर घेतात, सूट मिळते, घरी येतं. बोळात शिरून पुस्तक शोधायला वेळ कुणाकडे आहे?

अक्षरवेल

विदावाला, फोटो इथे नाही टाकणार. त्या वहीत लोकांची नावं आणि पेठा आहेत. कुणी १९८५ साली घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक मागितलंय, कुणी मूल होण्यासंबंधीचं. ते अण्णांना सांगितलं होतं, आपल्याला नाही. पुस्तकांच्या नावांची नुसती यादी करू, त्याला हरकत नाही.

विदावाला

हे माझ्या डोक्यात आलं नाही. मान्य. नावं वगळून यादी तयार करायला मी मदत करतो. लॅपटॉप घेऊन येतो.

ठाण्यातला सोलापूरकर

वेळ कुणाकडे आहे म्हणालात म्हणून लिहितो. मुंबईत फोर्टमध्ये स्ट्रँड बुक स्टॉल होतं. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली स्ट्रँड सिनेमाच्या आवारात पुस्तकांच्या एका कोपऱ्यापासून ते सुरू केलं. मी नोकरीला लागलो तेव्हा पगाराच्या दिवशी व्हीटीला जाण्याआधी तिथे अर्धा तास, हे ठरलेलं. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते बंद झालं. शेवटच्या दिवसांत मी गेलो होतो, आत उभं राहायला जागा नव्हती. एवढे लोक आदल्या वर्षभर कुठे होते हा विचार मला तिथेच आला, आणि त्या लोकांत मी पण होतो. तीन वर्षांनी गेलो होतो मी.

म्हणून सांगतो, अण्णांकडे आत्ता जा. शेजारी राहत असाल तर या आठवड्यात जा.

वर्गशिक्षिका

मी एक गोष्ट सांगते, कारण ती कुणी लिहीत नाही. अण्णांच्या दुकानाचं खरं नुकसान मोबाइलनं नंतर केलं, आधी शाळांनी केलं. जून महिना हा अशा दुकानाचा श्वास असतो. बालभारतीची पुस्तकं, वह्या, गाईडं, कव्हरं, लेबलं. माझ्या मुलाच्या शाळेनं एके वर्षी सांगितलं की पुस्तकं-वह्यांचा संच शाळेतूनच घ्यायचा, बाहेरचा चालणार नाही. पालकसभेत मी विचारलं, का? उत्तर मिळालं नाही. पुढच्या वर्षी आणखी दोन शाळांनी तेच केलं. त्या जूनमध्ये मी दुकानात गेले तर अण्णा पायरीवर बसून जुन्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवत होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मी शिक्षिका आहे, आमच्या शाळेत हे होऊ द्यायचं नाही म्हणून मी भांडले आणि अजून तरी झालेलं नाही. ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी सभेत हा प्रश्न विचारा. कविता-कादंबऱ्यांची फळी या पंचांग आणि बालभारतीच्या जिवावर उभी असते.

ग्रंथपाल_निवृत्त

रविवारी वह्या हाताळणार आहात तर काही सूचना. १९७८ची वही म्हणजे कागद कडक झालेला असणार. आपल्याकडे कोकणासारखी बुरशी लागत नाही, हवा कोरडी आहे, पण एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली कागद भाजून निघतो आणि कोपरे पापडासारखे तुटतात. पान कोपऱ्याला धरून उलटू नका, खालून तळहात सरकवून उलटा. बोटाला थुंकी लावायची सवय असेल तर कृपया त्या दिवसापुरती सोडा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांनी ती सुटते आणि पिवळा डाग कायमचा राहतो.

बांधणीच्या मणक्याशी चांदीसारखे बारीक किडे पळताना दिसतील. ती कसर. तिला बांधणीतली खळ आवडते, म्हणजे पिठाचा चिकट लगदा. फळ्या पुसून, पुस्तकं झटकून, दिवसभर सावलीत हवेवर ठेवली तरी निम्मं काम होतं. थेट उन्हात नाही. कडुनिंबाचा पाला वाळवून ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे, ओला मात्र ठेवू नका.

अण्णांकडून मी एक गोष्ट शिकलो, ती आमच्या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात नव्हती. ते पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधायचे नाहीत, मागावरच्या वाया गेलेल्या सुती धाग्यांची जाड लड करून बांधायचे. सुतळी पुठ्ठ्याच्या कडा कापते, सूत कापत नाही. मी नोकरीत असेपर्यंत आमचे गठ्ठे तसेच बांधून घेतले.

आणि जुन्या पुस्तकाच्या वासाबद्दल नेहमी कुणीतरी विचारतं म्हणून सांगून ठेवतो. कागदातला लाकडाचा अंश, लिग्निन, वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होत असतो. त्यातून जी द्रव्यं हवेत येतात त्यांत व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिन पण असतं. कागद पिवळा पण त्यामुळेच पडतो. म्हणजे तो वास आणि तो पिवळेपणा एकाच कारणानं येतात.

कडबागंज

सर, आमच्या आजीच्या पोथ्या पण अशाच पापडासारख्या झाल्यात. त्या घेऊन आले तर बघाल का?

ग्रंथपाल_निवृत्त

जरूर. वर्तमानपत्रात नको, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून आणा.

परदेशी_पाखरू

मी वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावी गेले होते. गाव लहानसं आणि पुस्तकांची दुकानंच दुकानं. रिचर्ड बूथ नावाच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यानं १ एप्रिल १९७७ला त्या गावाला स्वतंत्र राज्य आणि स्वतःला राजा जाहीर करून टाकलं होतं. तिथल्या किल्ल्याच्या आवारात उघड्यावर फळ्या आहेत, विक्रेता नाही. पुस्तक घ्यायचं आणि पेटीत पैसे टाकायचे. मला तिथे उभं राहून आपला भुईकोट किल्ला आठवला आणि घशाशी आलं. आपल्याकडे भिलार आहे, २०१७ साली झालेलं पुस्तकांचं गाव, घराघरांत पुस्तकं, स्ट्रॉबेरीच्या शेतांत. पण ते बघायला जायचं ठिकाण आहे. अण्णांचं दुकान आईनं भाजी आणायला पाठवल्यावर वाटेत लागायचं, आणि मला तेच जास्त मोलाचं वाटतं.

पार्कचौक

२००६ आठवतंय का कुणाला? ७९वं साहित्य संमेलन सोलापुरात झालं, अध्यक्ष मारुती चितमपल्ली. जन्मानं सोलापूरचे, आयुष्य जंगलात वनाधिकारी म्हणून काढलेलं. (१९४१चं पण आपल्याकडेच झालं होतं, तेव्हा वि. स. खांडेकर अध्यक्ष.) त्या महिन्यात अण्णांनी मधली अख्खी फळी रिकामी करून पक्षी, झाडं, जंगल असलं सगळं तिथे लावलं. संमेलन संपलं तरी फळी तशीच ठेवली. पुढे कॉलेजची पोरं संभाजी तलावावर पक्षी बघायला जायच्या आधी तिथे येऊन पुस्तकातलं चित्र बघून जायची, विकत न घेता. अण्णा त्यांना हात पुसायला फडकं द्यायचे फक्त.

पूर्वभाग

मी हा धागा तीन दिवस वाचतोय. लिहू की नको करत होतो.

माझे वडील पॉवरलूमवर होते. घरात आम्ही तेलुगू बोलतो, वडील तेलुगूच वाचायचे. मराठी बोलायला यायची, पण वाचायला अडखळायचे. मला मराठी शाळेत घातलं होतं आणि माझी पुस्तकं त्यांना वाचता येत नाहीत याचं त्यांना फार वाटायचं. पगाराच्या दिवशी एकदा मला घेऊन ते अण्णांकडे गेले आणि विचारलं, तेलुगू येणाऱ्याला मराठी शिकवेल असं पुस्तक आहे का. १९९४ची गोष्ट. अण्णांकडे नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं. वडिलांना विचारलं, घाई आहे का? वडील म्हणाले, घाई नाही.

पुस्तक मिळेपर्यंत म्हणून अण्णांनी त्यांना मोठ्या अक्षरातली मुलांची गोष्टीची पुस्तकं द्यायला सुरुवात केली. आठवड्याला एक, न्यायचं आणि परत आणायचं. पैसे घेतले नाहीत. वडील रात्रपाळीच्या सुट्टीत मागाच्या आवाजात ती वाचायचे. दोन वर्षांत ते पेपर वाचायला लागले. त्या पुस्तकाची मग गरज उरली नाही, पण ती ओळ वहीत असणार. वडील २०११ला गेले.

मी रविवारी येतो. ती ओळ मला बघायचीय.

अक्षरवेल

या दादा. नक्की या.

अक्षरवेल

रविवारचा वृत्तांत. आम्ही नऊ जण होतो, म्हणजे सहा जण कायम बाहेर. शेजारच्या साडीवाल्यांनी त्यांच्या पायऱ्या दिल्या आणि चहा पाठवला. वर्गशिक्षिका ताईंनी भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती. सात वह्यांत मिळून रेघ न मारलेल्या ओळी ४१२ भरल्या. त्यातल्या चार वह्या उतरवून झाल्या, तीन राहिल्यात.

अण्णा मधे बसून होते. आपण ओळ वाचली की ते माणूस सांगायचे. "ते डॉक्टर, बार्शीला गेले." "ही मुलगी आता न्यायाधीश आहे." "हा गेला." नावाशिवाय नुसतं पुस्तक वाचलं तरी त्यांना माणूस आठवत होता. सर्वांत जास्त वेळा मागितलेलं काय, तर १९३०च्या सोलापूरच्या मार्शल लॉवरचं आणि चार हुतात्म्यांवरचं. बारा-तेरा वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या साली. आपल्याच गावाची गोष्ट लोक इतकी वर्षं शोधत होते. जुनाजाणता काकांनी पुण्याहून फोन करून सांगितलं की त्यांच्याकडे या विषयावरच्या दोन पुस्तिका आहेत, त्या पाठवतायत.

विदावालांनी नावं वगळून यादी केलीय. बाहेरगावी पाठवण्यासाठी त्यांनी टपालाचं पण बघितलं. मे २०२५ पासून टपाल खात्याची पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट ही सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. अण्णांनी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं आणि गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवलं.

पुढचा रविवार, सकाळी दहा. राहिलेल्या तीन वह्या.

पूर्वभाग

ओळ सापडली. चौथ्या वहीत. वडिलांचं नाव, साखर पेठ, 'तेलुगूतून मराठी', ७ मार्च १९९४, घाई नाही.

मी अण्णांना म्हटलं, आता हिच्यावर रेघ मारा, ते काही आता लागायचं नाही. अण्णा म्हणाले, पुस्तक दिलं नाही तर रेघ कशी मारू? मग थोडं थांबून विचारलं, घरी कोण कोण आहे आता. मी सांगितलं, मुलगी आहे, सातवीत. मराठी, इंग्रजी सगळं वाचते, पण आजीशी तेलुगूत बोलताना तिला शब्द सापडत नाहीत आणि तेलुगू अक्षर तिला एक पण येत नाही.

अण्णांनी नवी वही मागितली. पेन्सिल नको म्हणाले, पेन घेतलं. डोळा अगदी कागदाला टेकवून स्वतः लिहिलं. मुलीचं नाव, साखर पेठ, 'मराठीतून तेलुगू'. शेवटच्या रकान्यापाशी थांबले आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, आई ८१ची आहे अण्णा. घाई लिहा.